अर्ध्या चेहऱ्याचा प्रयोग

नांदेडात मी ज्यांच्या घरी चार वर्षं भाड्यानं राहिले, ते घरमालक काका दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालत. डाव्या पायात मोठ्या दुकानातली, खोक्यातून आलेली, नावाजलेल्या कंपनीची. उजव्या पायात आठवडी बाजारात सुतळीला टांगून विकतात तसली. खोली बघायला गेले त्या दिवशी मला वाटलं, म्हातारा घाईत उठून आला असेल. सामान घेऊन गेले त्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "आधी कोनती झिजते ते बघून राहिलोय. सात महिने झाले. अजून दोगी बी तशाच हायत." चपला टिकल्याचं दुःख झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

ह्याच चपला घालून ते देगलूरला सख्ख्या पुतणीच्या लग्नाला गेले. मुलाकडच्या एका सद्गृहस्थांनी काकूंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊजींना कमी दिसतं का?" काकू नुसत्या "हाव" म्हणाल्या. खरं सांगायला गेलं तर जास्त वेळ लागतो, हे त्या संसारात फार लवकर शिकल्या होत्या.

काका एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक तास घेत, काका प्रयोग मांडून देत. पोरं त्यांना सर म्हणत, प्राध्यापक नुसतं नावानं हाक मारत, आणि काका दोन्ही हाकांना सारख्याच आवाजात ओ देत. निवृत्त होताना कॉलेजनं शाल आणि नारळ दिला. शाल त्यांनी घरी आणून दोन वेगवेगळ्या साबणांनी अर्धी-अर्धी धुतली. पुढच्या खोलीच्या भिंतीला त्यांनी मधोमध रेघ मारून एका बाजूला महाग रंग दिला होता, दुसऱ्या बाजूला स्वस्त. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाणी प्यायच्या आधी सांगावं लागे, की महाग कोणता. पाहुणे बहुतेक चुकत. ज्यांचं बरोबर येई त्यांच्याकडे काका संशयानं बघत, कारण त्यांना आधीच कुणीतरी सांगितलं असणार.

एवढ्यावरून ते चिकट होते असं कुणाला वाटेल, पण तसं मुळीच नव्हतं. मला एकदा ताप आला तेव्हा तीन दिवस त्यांनी स्वतः जिना चढून शहाळी आणून दिली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. फक्त शहाळी रोज दोन असायची, दोन वेगळ्या गाड्यांवरची, आणि संध्याकाळी येऊन ते विचारायचे, "कोनत्यानं जास्ती बरं वाटलं?" तापात मला दोन्ही सारखीच लागली. ते म्हणाले, "आसंच असते. पन विचारायला पायजे."

पैशाचा त्यांना राग नव्हता, राग होता दाव्याचा. कुणी म्हटलं की अमुक लई भारी आहे, की काकांचा एकच प्रश्न असे: "कशापेक्षा?" आणि त्याचं उत्तर मिळालं की दुसरा: "किती येळ?" या दोन प्रश्नांपुढे टिकेल अशी वस्तू त्या गल्लीत कुणाच्या घरात नव्हती. काहीतरी मोजताना मात्र ते मराठी सोडून देत. जन्म तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरचा, त्यामुळे थेंब मोजायचे झाले की तोंडातल्या तोंडात "ओकटी, रेंडू, मूडू" सुरू होई. मी विचारलं तर म्हणाले, "मराठीत मोजलं की मधीच कोनतरी बोलतंय. तेलुगूत मोजलं की लोकं गप बसतेत."

काकूंबद्दल सांगायचं तर त्या त्या घरातली सगळ्यात जास्त वापरली गेलेली गोष्ट होत्या, आणि त्यांच्यावर कुणी कधी प्रयोग केला नव्हता. घर दवाखान्यांच्या रस्त्यावर. देगलूर तालुक्यातून कुणी नांदेडला दवाखान्यात आलं, कोर्टात आलं, विष्णुपुरीच्या कॉलेजात पोराच्या अॅडमिशनला आलं, की आधी इथं चहा. मग कुणाचं जेवण, कुणाचा डबा, कुणाला आंघोळीला गरम पाणी. "वैनी", "काकू", "मामी", "आवं आयकलं का" अशा हाका दिवसभर. काकूंचं "आले" हाक पूर्ण व्हायच्या आत येई. वर माझ्या खोलीत मी सुट्टीच्या दिवशी पडल्या पडल्या मोजायचे. एका दुपारी चार ते पाचमध्ये एकवीस वेळा "आले" ऐकलं, मग मला झोप लागली. काकूंना लागली नसणार.

आता मुद्द्यावर येते. मी त्या काळात एका बियाणं कंपनीत होते. काम सगळं रानातलं. स्कूटीवर आज मुदखेड, उद्या देगलूर, परवा आणखी कुठं. एप्रिल-मेच्या उन्हात चेहऱ्याची पार पापडी होऊन जायची. मैत्रिणीनं फोनवर दाखवलं म्हणून मी चेहऱ्यावर लावायचे ते ओले मास्क मागवायला लागले. पातळ कागदासारखा, डोळे-नाक-तोंडाला भोकं पाडलेला, औषधी पाण्यात बुडवलेला. पंधरा मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचा आणि मग फेकून द्यायचा. एकाची किंमत साडेतीनशे रुपये. मी लातूरची. पाण्याची किंमत आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही, आमच्या घरी भांडी घासलेलं पाणीसुद्धा झाडाला जाऊन संपतं. तरी महिन्याला चार मास्क मी न चुकता मागवत होते. लावल्यावर आरशात बघितलं की आपण कुणीतरी वेगळे आहोत असं वाटायचं. ते वाटणं मला हवं होतं, आणि ते कुणी तपासू नये असंही वाटत होतं.

पण कचरा काकांच्या ताब्यात होता. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि सुक्यातलं जे वाचण्यासारखं असेल ते आणखी वेगळं. एका रविवारी सकाळी ते वर आले ते लॅबमधल्या चिमट्यात माझ्या मास्कचं पाकीट धरून. दुसऱ्या हातात भिंग.

"वाच," ते म्हणाले. "मागच्या बाजूला काय काय घातलंय ते लिवलंय. पहिलं नाव काय हाय?"

"अॅक्वा."

"मंजे?"

"पाणी," मी म्हणाले.

"दुसरं?"

"ग्लिसरीन."

"जे जास्ती ते आधी लिवायचा नियम हाय." त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "मंजे तू लातूरची पोरगी, साडेतीनशे रुपयाचं पानी तोंडाला पाजून राहिली. पुढं लई नावं हायत, पन ती आपली वरातीत मागून चालनारी."

मी म्हटलं, "काका, त्यानं त्वचा ओलसर राहते. मऊ पडते."

"कशापेक्षा?"

मी चिमट्यातलं पाकीट पुढच्या बाजूनं बघायला लागले.

"किती येळ?"

मी ते पुन्हा मागच्या बाजूनं वाचलं. तेव्हा काका जिना उतरता उतरता म्हणाले, "मंग तपासू." त्यांचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला होता.

तपासायचं कुणावर, हा प्रश्न होता. मी म्हटलं, माझ्यावरच करा. त्यांनी मान हलवली. "तुझे पैशे गेलेले हायत. तुझं तोंड खोटं बोलंल." स्वतःच्या तोंडावर दाढीचे खुंट, त्यामुळे ते बाद. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकू परातीत पीठ मळत होत्या. "हिला यातलं कायीच माहीत न्हाई," काका म्हणाले, "मनून हिचं तोंड इमानदार हाय." काकूंनी विचारलं, "काय करायचं हाय मला?" काका म्हणाले, "कायी न्हाई. नुसतं पडायचं." काकूंचे हात पिठात थांबले. त्यांना बहुतेक आपण नीट ऐकलं नाही असं वाटलं.

प्रयोग असा होता. रविवारी दुपारी चार वाजता काकूंनी पुढच्या खोलीतल्या बाजेवर पडायचं. माझा मास्क कात्रीनं मधोमध कापून अर्धा एका गालावर. दुसऱ्या गालावर काकांच्या जुन्या मलमलच्या उपरण्याचा तसाच कापलेला तुकडा, दुकानातल्या वीस-पंचवीस रुपयांच्या बाटलीतलं ग्लिसरीन पाण्यात कालवून त्यात भिजवलेला. दर रविवारी गाल बदलायचा, म्हणजे कुठल्या गालाचं नशीब चांगलं असलं तरी फरक पडू नये. पंधरा मिनिटांनी दोन्ही काढायचे. सहा वाजता बघायचं, कुठला गाल जास्त मऊ आहे. बघायला काका, मी, आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना कुठल्या बाजूला काय लावलं हे मुद्दाम सांगितलेलं नसे.

पहिल्या रविवारी काकांनी नियम वाचून दाखवले. बोलायचं नाही, हसायचं नाही, उठायचं नाही. चेहरा हालला तर कागद सरकतो. काकू उताण्या पडल्या. अर्ध्या तोंडावर पांढरा चकाकता कागद, अर्ध्यावर मलमल, मधे नाकाची रेघ. मला हसू आवरेना म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. चौथ्या मिनिटाला दाराची कडी वाजली. मुदखेडहून कुणी आलं होतं. "वैनी, हायत का घरात?"

काकूंचं "आ" तोंडातून निघालंच होतं. काकांनी बोट वर केलं. "हालायचं न्हाई." आणि मग त्या घरात मी कधी न पाहिलेली गोष्ट घडली. काका स्वतः उठले, दार उघडायला गेले, पाहुण्यांना ओसरीवरच बसवलं आणि तांब्या भरून पाणी नेऊन दिलं. काकूंनी एक डोळा उघडला. मलमलच्या बाजूचा. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्यानंतर त्यांचा श्वास हळूहळू लांब होत गेला. पंधरा मिनिटं झाली तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या, आणि काका घड्याळाकडे बघत "झालं, झालं" म्हणत उभे होते. मी त्यांना पाच मिनिटं थांबवलं. शास्त्राच्या दृष्टीनं ते चूकच होतं.

सहा वाजता शिक्षिकाबाईंनी दोन्ही गाल निरखून पाहिले, चष्मा बदलून पाहिले, आणि म्हणाल्या, "उजवा. पण उजवीकडून उजेड येतोय." मी बोट फिरवून बघितलं. माझ्या साडेतीनशे रुपयांच्या इज्जतीचा सवाल होता, तरी मला सांगता येईना. काकांनी वहीत लिहिलं, "फरक न्हाई." आणि खाली, "पुन्हा."

दुसऱ्या रविवारी काकू पावणेचारलाच बाजेवर होत्या. केस बांधलेले, पदर नीट, डोळे मिटलेले. गॅसवरचं सगळं आवरलेलं. काका अजून कात्री शोधत होते.

माझे त्या महिन्याचे मास्क संपले तसे काका स्वतः वजिराबादच्या बाजारात आणायला गेले. मी सोबत होते, आणि ते मला आजही आठवतं. काउंटरवरच्या पोरीनं आठ-दहा पाकिटं पसरली आणि म्हणाली, "काका, हे घ्या, काकूंच्या चेहऱ्यावर एकदम ग्लो येईल." काकांनी विचारलं, "ग्लो मोजायचं काय असते?" पोरगी म्हणाली, "मोजायचं म्हणजे?" काका म्हणाले, "ताप मोजायला थर्मामीटर असते. तसं." ती पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी दुकानातल्या पंख्याकडे बघायला लागले. शेवटी काकांनी सगळ्यात महाग पाकीट उचललं, कारण दावा सगळ्यात मोठा त्यावरच होता. पैसे काढताना मात्र त्यांचा हात जड झाला नाही. मला वाटतं, काकूंसाठी दुकानातून काही उचलून आणायची त्यांची ती पहिलीच खेप असावी. कुठल्या कारणानं आणलं, ते सोडून द्या.

दुसऱ्या, तिसऱ्या रविवारीही फरक नाही. चौथ्याही. मास्क काढल्यावर तासभर ती बाजू जरा चकाकायची, काकांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं. पण दीड तासात सगळं सारखं. नांदेडची हवा कुणाचं पाणी ठेवून घेत नाही, साडेतीनशेचं असो की वीस रुपयांच्या ग्लिसरीनचं. काका वहीची पानं उलटत म्हणाले, "आता एकदा घेऊ आन् बंद करू. निकाल लागला."

त्याच संध्याकाळी काकू जिना चढून वर माझ्या खोलीत आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. पाणी दिलं तर नको म्हणाल्या. जरा वेळ पलंगाच्या कडेला बसून माझ्या मास्कची पाकिटं बघितली आणि मग सरळ विचारलं, "तुझ्या त्या कागदाची बाजू जिंकायला काय करावं लागंल?"

"कशाला काकू?"

"जितली तर ते मंनतील, आसं कसं झालं, पुन्हा बघू. हरली तर बंद." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "मला त्या कागदाचं कायी न्हाई गं. चार वाजता पडू देतेत, तेवढंच."

आता मी काय करायला हवं होतं, ते मला कळत होतं. काका आयुष्यभर खऱ्या आकड्यांसाठी भांडलेले. घरी बसून खोटे आकडे लिहून आणणाऱ्या पोरांची वही ते न बघताच परत करत, वास येतो म्हणत. अशा माणसाच्या प्रयोगात गडबड करणं हे पापच. मी म्हणाले, "मास्क काढला, की त्या बाजूला दुधाची साय चोळा. सहापर्यंत पुसून टाका, वास राहायला नको."

पाचव्या रविवारी कागदाची बाजू जिंकली. अशी जिंकली की शिक्षिकाबाईंनी चष्मा न लावताच सांगितलं. काकांनी तीन वेळा गालावरून बोट फिरवलं. "आसं कसं झालं?" ते म्हणाले. काकूंनी जमिनीकडे पाहिलं. "पुन्हा घ्यावं लागंल," काका म्हणाले, आणि मी खिडकीकडे तोंड केलं. पुढचे तीन रविवार कागद जिंकत राहिला. माझ्यासारखी बाई नको तिथं खूश होते तशी मी खूश होते. शेवटी माझाच मास्क जिंकत होता. काकांची झोप मात्र उडाली होती. सकाळी ते ओसरीवर बसून वही पुढे-मागे करत आणि स्वतःशीच म्हणत, "चार येळा न्हाई, आन् मंग चार येळा हाय. कशानं?"

नवव्या रविवारी घोटाळा झाला. मास्क काढून होतो न होतो तोच देगलूरहून एक अख्खं बिऱ्हाड दवाखान्यातून परत जाताना आलं. सात माणसं, त्यात दोन लेकरं रडणारी. काकू उठून स्वयंपाकघरात. चहा, पोहे, लेकरांना दूध, कुणाला गोळी घ्यायला कोमट पाणी. त्या गर्दीत त्यांनी घाईघाईनं साय चोळली, आणि आज कागद कुठल्या गालावर होता तेच विसरल्या. सहा वाजता ग्लिसरीनची बाजू जिंकली, आणि कागदाची बाजू तव्यावरच्या भाकरीसारखी कोरडी.

पाहुणे गेल्यावर काकांनी कपाटातून टिपकागद काढला. एक तुकडा काकूंच्या एका गालावर दाबला, एक दुसऱ्या. दोन्ही तुकडे खिडकीच्या गजांत अडकवले आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. मला कळेना काय चाललंय. ते म्हणाले, "पान्याचा डाग वाळून जाते. तुपातेलाचा न्हाई जात." आम्ही तिघंही बसून राहिलो. एका तुकड्यावर नखाएवढा डाग तसाच राहिला, त्यातून पलीकडचं लिंबाचं झाड धूसर दिसत होतं.

"कोन?" काका म्हणाले.

"मी सांगितलं होतं, काका," मी म्हणाले.

"तिचं नाव नका घेऊ," काकू म्हणाल्या. "साय म्या लावली."

"कशापायी? त्या कंपनीचं कमिशन हाय का तुला?"

काकू कधीच मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. "तुमचा प्रयोग संपला की चार वाजता मला कोन पडू देनार हाय? लग्न होऊन इथं आले तवापासून बिनकामाची मी कधी पडले का, आठवा. ताप आला तरी उठून चहा ठिवलाय. तोंडावर कागद असला की कोनी हाक मारत न्हाई. तुमी बी मारत न्हाई. मंग तो कागद किती बी महाग असंना, मला परवडतो."

काका वही मांडीवर घेऊन बसले होते. मग त्यांनी पेन काढलं, साय चोळलेल्या रविवारांच्या आकड्यांवर एकेक करून काट मारली आणि खाली निकाल लिहिला. नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं वाचूनही दाखवला. "महाग मास्क आन् ग्लिसरीन-पानी, यात दीड तासानंतर फरक न्हाई. मास्क पैशे वसूल करत न्हाई. प्रयोग बंद." वही मिटली. काकू उठून भांडी घासायला गेल्या. नळाचा आवाज आला.

त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. इतका खरेपणा असावा तरी कशाला, असं वाटलं. वर येऊन मी उरलेले दोन मास्क एकदम लावले, एकावर एक, आणि रडले, त्यामुळे ते औषधी पाण्यानं ओले राहिले की अश्रूंनी, हे सांगता येणार नाही. निकाल बरोबर होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी आज बदली होऊन लातूरला आल्यावरही मी महिन्याला दोन मास्क मागवते. खर्च वसूल होत नाही. मी ते मास्क वसुलीसाठी लावतही नाही.

पुढच्या रविवारी चारच्या सुमाराला मी काकूंचा डबा परत द्यायला खाली गेले. काका ओसरीत बसले होते, आणि त्यांच्या हातात ना कात्री होती ना उपरणं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. काकूंनी हात धुतले, पदराला पुसले, पुढच्या खोलीत आल्या आणि कुणाकडे न बघता बाजेवर आडव्या झाल्या. तोंडावर काही नाही, कागद नाही, मलमल नाही. नुसता उघडा चेहरा. डोळे मिटले. त्यांच्या पापण्या जरा थरथरत होत्या. कधीही हाक येईल म्हणून त्या वाट बघत होत्या, एवढं मला दिसत होतं. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

काका उठले. आत येऊन बाजेपाशी उभे राहिले. खिशातून भिंग काढलं, आणि परत ठेवून दिलं.

तेवढ्यात कडी वाजली. "वैनी, आवं वैनी." विष्णुपुरीहून काकांचा चुलतभाऊ आला होता, सोबत त्याची बायको. काकूंच्या खांद्याला हलकासा झटका बसला, पण त्या उठल्या नाहीत. काकांनी दार अर्धंच उघडलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला. तिचा प्रयोग चालू हाय. बसा वसरीवर, चहा म्या आनतो."

चुलतभावानं दाराच्या फटीतून आत मान घातली. बाजेवर निजलेल्या काकूंकडे पाहिलं, नीट निरखून पाहिलं. "अरे, पन तोंडाला तर कायीच लावलेलं न्हाई."

"हाव," काका म्हणाले. "आता तेच तपासून राहिलोय."